हाक ऐकू येईल असा कूलर

लिही अनन्या. आणि मी म्हणते तसंच लिही, सुधारत बसू नकोस. मंडळाच्या दिवाळी अंकात आपल्या भागातल्या माणसांवर लिहून पाहिजे म्हणाले. मोठ्या माणसांवर लिहायला पुष्कळ जण आहेत. मी शशिकांतभाऊंचं सांगते. आपल्या मागच्या गल्लीत तळ्याकडं वळताना जे कोपऱ्यावरचं घर आहे ना, ते. तू त्यांना काका-आजोबा म्हणतेस.

भाऊ अमेरिकेत, या कॅरी गावात आले तेव्हा इथं आपलं वाणसामानाचं दुकान नव्हतं. कोथिंबीर कुंडीत लावायची, ती ससे खायचे. भाऊ औषधांच्या कारखान्यात होते. औषधं नाही करायचे, कारखाना गार ठेवायचे. तिथं खोलीएवढी मोठी यंत्रं असतात म्हणे. ती गार पाणी नळ्यांतून फिरवतात, आतली उष्णता बाहेर आणून सोडतात, की परत गार पाणी आत. उभा जन्म भाऊंनी हेच केलं. यंत्रांजवळ जाताना कानात बोळे घाला म्हणून साहेब सांगायचे, तर हे घालायचे नाहीत. म्हणायचे, "यंत्राचा आवाज जरा बदलला की मला कळलं पाहिजे. यंत्र आधी कुरकुरतं, मग बिघडतं." त्या नादात कान गेले. पूर्ण नाही गेले, पण गेले.

त्यांची बायको उत्तरा. मला आक्का म्हणते, मी तिला नावानंच हाक मारते, वयानं लहान आहे माझ्याहून. ती इथल्या लायब्ररीत कामाला होती. गेल्या वर्षी तिला अर्धांगवायूचा झटका आला. एक पाय अधू झाला आणि आवाज बसला तो बसलाच. पुटपुटल्यासारखं बोलते. जिवावरचं होतं ते आवाजावर निभावलं. ती स्वतःच हसते, म्हणते, "आक्का, जन्मभर लोकांना 'हळू बोला, हळू बोला' म्हणाले, त्याचा शाप लागला."

जिना चढवेना म्हणून तिची कॉट खाली आणली. खाली स्वयंपाकघर सोडलं तर खोली एकच, आणि त्या खोलीत भाऊंचा कंप्युटर. आता तो कंप्युटर म्हणजे साधा नाही. रिटायर झाल्यापासून भाऊंनी एक काम धरलंय. इथल्या घराघरांत जुन्या व्हिडिओ कॅसेटी पडल्यात, कुणाची मुंज, कुणाचं बारसं, मंडळाचा गणपती, नाटकं. चित्र फाटलेलं, मुंग्या आलेल्या. भाऊ त्या कंप्युटरात घालतात आणि स्वच्छ करून देतात. ते काम मशीनला फार जड जातं. मशीन तापतं, आणि तापलं की आतला पंखा असा ओरडतो की पिठाची गिरणी बरी.

तर एक दिवस दुपारी उत्तरानं हाक मारली. पाणी पाहिजे होतं. भाऊ तिच्यापासून चार हातांवर पाठ करून बसलेले, गिरणी चालू. तिनं परत मारली, परत मारली. मग स्वतःच उठायला गेली आणि कॉटवरून घसरून खाली बसली. लागलं नाही, देवाची कृपा. पण भाऊ वळून बघेपर्यंत ती तिथंच जमिनीवर बसून होती, आणि त्यांच्या पाठीकडं बघत होती. हे भाऊंनीच मला सांगितलं. सांगताना चष्मा पुसत होते, चष्म्याला काही झालेलं नव्हतं.

लेकीला कळलंच. वैदेही, ती न्यूयॉर्कजवळ जर्सी सिटीला असते, उंच बिल्डिंगीत. फोनवर म्हणाली, "बाबा, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत मी येतेय, तेव्हा आईला घेऊन जाते. तुमच्याच्यानं होत नाहीये."

"आणि मी?"

"तुम्हीही या. पण तुम्ही काय या घरातून हलणार आहात? आणि इथं वन बेडरूम आहे, त्या मशीनला जागा नाही."

उत्तराला जायचं नव्हतं. तिथं खिडकी उघडत नाही म्हणे, आणि दिवसभर एक बाई येऊन बसणार, जिला मराठी कळत नाही. तेव्हा प्रश्न एवढाच होता. उत्तराची हाक भाऊंना ऐकू येतेय असं वैदेहीला दिसलं तर उत्तरा घरात राहणार. नाही तर जाणार.

मी म्हणलं, "एक घंटी ठेव उशाशी."

उत्तरा म्हणाली, "घंटी वाजवायला मी काय देवळात बसलेय?"

"मग भाऊ, ते कानाचं यंत्र आहे ना तुमच्याकडं, ते घाला."

"घातलं होतं आक्का. त्यातनं पंखा दुप्पट ऐकू येतो."

"मग तो कंप्युटर बंद करा थोडे दिवस."

हे मात्र उत्तरालाच पटलं नाही. म्हणाली, "काम बंद केलं तर दिवसभर माझ्या उशाशी बसून मला व्यायाम शिकवतील. नको बाई." तोंडानं असं म्हणते, पण मला माहीत आहे. त्या कॅसेटी गेल्या तर भाऊंचं काय होईल, याची तिला काळजी.

मग आला आपला देवांग. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून आलेला, इथं शेजारच्या रॅले शहरात पीएचडी करतो. शनिवार-रविवार उत्तराकडं यायचा, आधी जेवायला, आता स्वयंपाक करायला. त्यानं मशीनचं झाकण काढलं. मशीनचा मेंदू असतो तो तापतो, त्याच्या डोक्यावर छोटासा पंखा. देवांग म्हणाला, "काका, हा पंखा बिचारा काय करणार? टेम्पोचं इंजिन आणि स्कूटरचा पंखा. मोठा एअर कूलर घाला. हा विटेएवढा येतो, बिघडायला त्यात काही नाहीच. पंखा गेला तर पंखा बदलायचा."

"एअर?" भाऊ म्हणाले. "उभा जन्म पाण्यानं गारवा केला, आणि आता म्हातारपणी वारा घालत बसू? लिक्विड कूलर घ्यायचा."

"काका, पाणी आहे. लीक झालं तर सगळं मशीन जाईल यार."

"माझं एक तरी यंत्र गळलं का, विचार हिला."

कॉटवरून उत्तरा काहीतरी म्हणाली. त्या दोघांना ऐकू गेलं नाही, मी शेजारी होते. ती म्हणाली, "बाथरूमचा नळ गळतोय दिवाळीपासून."

मी भाऊंना म्हणलं, हे पाण्याचं काय ते मला नीट सांगा, म्हणजे मलाही मत देता येईल. ते म्हणाले, "आक्का, तुमच्या कराडकडं तांब्याचा बंब असायचा ना? मधे जाळ, भोवती पाणी. जाळाची ऊब पाणी घेतं. इथं तसंच. मशीनच्या मेंदूवर तांब्याची चकती बसवायची, तिच्यावरून पाणी फिरवायचं. तापलेलं पाणी नळीतून एका जाळीत जातं, त्या जाळीला पंखे असतात, तिथं निवतं, की पंप परत आत ढकलतो."

"आणि ते गरम पाणी अंघोळीला घेता येत नाही होय?"

"वाटीभरच असतं आक्का."

"मग एवढा खटाटोप वाटीभर पाण्यासाठी?"

देवांग हसून हसून खाली बसला. म्हणाला, "आजी माझ्या पार्टीत."

पण भाऊंचं म्हणणं मला पटलं होतं. जाळी मोठी असली की पंख्यांनी सावकाश फिरलं तरी भागतं, आणि सावकाश पंखा ओरडत नाही. मग जाळी दोन पंख्यांची घ्यायची की तीन, यावर दोघांचा वाद. तीनची मोठी, जास्त शांत, पण मशीनच्या पेटीत मावेल का? भाऊंनी उत्तराची शिवणाची टेप घेतली आणि पेटी अशी मापली, अशी मापली, जसं काही पेटीला झंपर शिवायचाय. तीनची बसत नव्हती. वरच्या अंगाला दोन मोठ्या पंख्यांची बसत होती. नळ्या किती लांब, त्या वाकवताना चेपतील का, जाळी वर ठेवली तर हवा कुठून निघेल. जेवायचं राहून गेलं दोघांचं.

देवांगनं एक गोष्ट तेव्हाच सांगितली होती. "काका, पंख्याचं सोडा, पंपाचं बघा. काही पंप फार बारीक आवाज करतात."

भाऊंनी लॅपटॉपवर व्हिडिओ लावले. इथं लोक कूलरच्या आवाजाचेसुद्धा व्हिडिओ काढतात, काय सांगू तुला. एकेक कानाशी लावून ऐकला. शेवटी एक सापडला. म्हणाले, "हा. याला आवाजच नाही. ऐक." देवांग म्हणाला, "आहे थोडासा काका." भाऊ म्हणाले, "तुला सगळ्यातच थोडासा असतो." आणि मागवला.

बाकी एकच अडचण होती, त्याला रंगीत दिवे होते. भाऊंना ते पोरकट वाटत होतं. उत्तरानं मला जवळ बोलावून सांगितलं, मी मोठ्यानं भाऊंना सांगितलं, "ती म्हणतेय दिवे असू देत. तुम्ही पाठ करून बसता, तिला काहीतरी बघायला पाहिजे."

कूलर आला. देवांगनं फोन केला, "काका, माझी लॅब आहे, रविवारी येतो, तोवर हात लावू नका." भाऊ कसले थांबतायत! एकट्यानं बसवला. संध्याकाळी मला निरोप, आक्का या. गेले. मशीन चालू, दिवे निळे-जांभळे, गौरीपुढं लावल्यासारखे, आणि आवाज काही नाही. भाऊ खोलीच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभे. "उत्तरा, हाक मार."

उत्तरा म्हणाली, "अहो."

"ओ!" असे जोरात म्हणाले की मीच दचकले. रिटायर झाल्यापासून हा माणूस एवढा खूश झालेला मी बघितला नव्हता. मला शिरा खाऊ घातला, स्वतः केलेला, गुठळ्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून कॅसेटीचं काम सुरू झालं. आणि त्याच दिवसापासून उत्तराचं काहीतरी बिघडलं. मी दुपारी जायची तेव्हा ती डोक्यावरून शाल घेऊन पडलेली. जेवण टाकायला लागली. बोलेना. भाऊ म्हणायचे, आजारपणात असे दिवस येतात. वैदेही रोज फोनमध्ये बघायची, ती म्हणाली, "आई किती ओढल्यासारखी दिसतेय. मी बरोबर ठरवलं." बघ म्हणजे, हाक ऐकायला भाऊंचे कान मोकळे झाले आणि हाक मारणारी गप्प झाली.

एकदा भाऊ टपाल आणायला बाहेर गेले. मी शाल बाजूला केली. तिच्या कानात कापूस.

"हे काय गं?"

तिनं मशीनकडं बोट दाखवलं. म्हणाली, "इथं या. उशीवर डोकं ठेवा."

ठेवलं. आणि मग मला ऐकू आलं. कानाशी डास यावा आणि चावावा पण नाही, जावा पण नाही, तसं. कुंईंईं. बारीक, टोचणारं. मी खुर्चीवर बसून बडबड करते, त्यात मला ते कधी कळलं नव्हतं. ती दिवसभर तिथं पडून ऐकत होती.

"अगं मग सांग की त्यांना!"

"नको आक्का. किती हौसेनं आणलंय. आणि त्यांना तो आवाज ऐकूच येत नाही. येत नाही हे त्यांना कळलं तर... यंत्राच्या आवाजावर जन्म काढला त्यांनी. तुम्ही नाही सांगायचं. माझी शपथ आहे."

आता माझ्या पोटात काही राहत नाही हे साऱ्या कॅरीला माहीत आहे, तिला माहीत नव्हतं होय? तरी मी कळ काढली. पण वैदेही यायचा दिवस आला. मी दारात चपला घालत होते, भाऊ पोचवायला आले होते, उत्तराचं जायचं सामान काय काय काढायचं ते विचारत होते. खाली मान घालून. मला राहवेना. म्हणलं, "भाऊ, तुमचं यंत्र कुरकुरतंय."

"नाही आक्का. मी रोज ऐकतो."

"तुम्हाला ऐकू येत नाही ते. तिला येतं. तिच्या कानात कापूस आहे."

भाऊ आत गेले. गुडघे टेकून पेटीला कान लावला. एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. मग पेटीवर नुसता हात ठेवला. मला वाटलं रागावले. पण त्यांनी फक्त विचारलं, "उत्तरा, आवाज आहे?"

उत्तरानं आधी माझ्याकडं असं बघितलं की काय सांगू! मग म्हणाली, "आहे थोडा."

"कधीपासून?"

"काम सुरू केल्यापासून."

"आणि बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तुम्हाला कुठं ऐकू आलं असतं!"

मला आधी हसू फुटलं, मग तिला, मग भाऊंना. हसून झाल्यावर भाऊंनी देवांगला फोन लावला. देवांग आला, स्क्रीनवर तापमानाचे आकडे बघितले आणि ओरडला, "काका, हे तर उकळतंय! पंखे तुम्ही हळू करून ठेवलेत, म्हणून तो पंप जीव खाऊन धावतोय. पण एवढं तापायला नको. काहीतरी चुकलंय." झाकण काढलं, स्क्रू काढले, ती तांब्याची चकती उचलली. उलटी केली. आणि दोन बोटांनी तिच्यावरून एक पातळ प्लास्टिक सोलून वर धरलं.

"काका. हे काढायचं असतं."

आता तुला त्या घराची गंमत सांगते. त्या घरात नव्या वस्तूचं प्लास्टिक कुणी कधी काढतच नाही. टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक. मायक्रोवेव्हच्या दाराला ते निळं, कडेनं कुरळं झालेलं. गाडीच्या मागच्या सीटा अजून प्लास्टिकात आहेत, उन्हाळ्यात मांडीला चिकटतात. सुरुवातीला वस्तू घेताना जीव वरखाली व्हायचा, तेव्हाची ही सवय, खराब होऊ नये म्हणून. सोलून काढायला हातच जात नाही. तसंच या चकतीचं झालं. मशीनचा मेंदू आणि गार पाणी यांच्या मधे प्लास्टिक राहिलं. पाणी फिरत होतं, आणि उष्णता त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती.

भाऊंचा चेहरा बघवत नव्हता. म्हणाले, "कारखान्यात कुणी पोरानं असं केलं असतं तर मी त्याला..."

"काय केलं असतंत?" उत्तरानं विचारलं. हे मात्र त्यांना ऐकू आलं, कारण मशीन बंद होतं.

"चहा पाजला असता," भाऊ म्हणाले.

नेमकी त्याच वेळी वैदेही दारात. हातात बॅगा, आणि खोलीत बघते तर मशीन उघडं, नळ्या लोंबतायत, बाप जमिनीवर, आई खदाखदा हसतेय, म्हणजे खांदे हलतायत, आवाज नाही. "बाबा, व्हॉट इज धिस? अजून हेच चाललंय?"

मी म्हणलं, "बस गं बाई तू आधी. पाणी घे."

देवांगनं चकती पुसली, ऊब नीट पोचावी म्हणून वाटाण्याएवढी पेस्ट लावली, सगळं परत बसवलं. मशीन सुरू केलं. भाऊंनी मुद्दाम सगळ्यात जड कॅसेट लावली. आकडे वर चढेनात, निम्म्यावर राहिले. देवांग म्हणाला, "आता पंपाला पळायची गरज नाही काका, कमी करू या. पण किती कमी?"

भाऊ म्हणाले, "ते मी नाही सांगू शकत. ती सांगेल." आणि स्वतः स्क्रीनसमोर बसले. उत्तरानं कानातला कापूस काढला.

"आता?" भाऊ विचारायचे.

"आहे."

थोडा कमी करायचे. "आता?"

"आहे."

"आता?"

"आहे, पण लांब गेला."

असं चाललं. वैदेही भिंतीला टेकून बघत उभी होती. तिनं आयुष्यात पहिल्यांदा बघितलं असेल, यंत्राच्या बाबतीत बाप कुणाला तरी विचारतोय. शेवटी उत्तरा थांबली. डोळे मिटून पडून राहिली. भाऊ वाट बघत होते. ती म्हणाली, "गेला."

मग आम्ही बाकीचे स्वयंपाकघरात टेबलाशी जेवायला बसलो, उत्तरा कॉटवर आणि भाऊ मशीनशी तिथंच राहिले, कॅसेट अर्धी होती. दार उघडं. वैदेही मला सांगायला लागली की जर्सी सिटीला बिल्डिंगीत लिफ्ट आहे, डॉक्टर जवळ आहे. चांगलं सांगत होती, लेकीचं खोटं नव्हतं काही. तेवढ्यात खोलीतून उत्तराचं पुटपुटणं आलं, अगदी नेहमीसारखं, "अहो, पाठीला उशी." वैदेही ताटावरून उठली. पण तिकडून भाऊंचा आवाज आला, "कुठली, मोठी का लहान?" आणि खुर्ची सरकल्याचा आवाज.

वैदेही उभीच राहिली. मग परत खाली बसली आणि भात कालवायला लागली. जर्सी सिटीचं पुढं काही बोलली नाही. सोमवारी एकटीच गेली. जाताना बापाला एवढंच म्हणाली, "पंपाला हात लावलात तर मी येतेच."

मी अजून जाते दुपारची. आता माझी गरज आहे म्हणून नाही. आता भाऊंना उत्तराचं सगळं ऐकू येतं, म्हणजे ती पूर्वी त्यांच्या पाठीमागं जे काही पुटपुटायची तेपण. त्यामुळं दोघांची भांडणं परत सुरू झालीत, चहात साखर किती, नळ कधी दुरुस्त करणार, एकेक. मी आपली खुर्चीत बसते, चहा पिते आणि ऐकते. दुपार कशी छान जाते.